हेलिकॉप्टरमधून माणसं वाचवणाऱ्या टीममध्ये जायचंय? मग भारतात त्याचा रस्ता नेमका कुठून जातो ते आधी समजून घ्या

तारीख होती १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या समोरून गुजरातकडे सरकत होतं. समुद्रात तेलाच्या विहिरींवर काम करणाऱ्या कामगारांची बार्ज, पी-३०५, नांगर तुटल्यामुळं भरकटली आणि त्याच संध्याकाळी बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती.

त्या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडवणं शक्य नव्हतं. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता ही नौदलाची जहाजं अंधारात, उसळत्या लाटांमध्ये माणसं शोधत राहिली. दुसऱ्या दिवशी हवामान थोडं निवळल्यावर हेलिकॉप्टर्स कामाला लागली. पी-३०५ वरच्या १८६ जणांना वाचवता आलं. तिकडं पालघरच्या किनाऱ्याजवळ गॅल कन्स्ट्रक्टर नावाची दुसरी बार्ज अडकली होती. तिच्यावरच्या १३७ जणांना सुखरूप बाहेर काढण्यात आलं. त्यात कोस्ट गार्डच्या चेतक हेलिकॉप्टर्सचा आणि नौदलाच्या सी किंगचा वाटा होता.

त्या दिवसांत हेलिकॉप्टरच्या दोरीला लटकून वर जाणाऱ्या माणसांचे व्हिडीओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. दरवर्षी पूर आला की असे व्हिडीओ परत येतात आणि खाली कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास असतो, "भाऊ, या टीममध्ये जायला काय करावं लागतं?"

प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढं साधं नाही. कारण भारतात 'हेलिकॉप्टर रेस्क्यू' नावाची वेगळी भरती निघत नाही.

तर सुरुवातीपासून बघूया.

हेलिकॉप्टरनं माणसं वाचवायला कधी सुरुवात झाली?

गोष्ट २९ नोव्हेंबर १९४५ ची. अमेरिकेच्या कनेटिकट राज्याच्या किनाऱ्याजवळ वादळात एक तेलाची बार्ज खडकावर अडकली होती. वर दोन माणसं होती आणि लाटांमुळं बोटी जवळ जाऊ शकत नव्हत्या. सिकॉर्स्की कंपनीचा कारखाना जवळच होता. तिथून एक आर-५ हेलिकॉप्टर उडालं, त्याला बसवलेल्या विंचची दोरी खाली सोडली आणि दोघांना एकेक करून वर काढलं. हेलिकॉप्टरच्या विंचनं सामान्य नागरिकांना वाचवल्याची ही पहिली घटना मानली जाते.

विमानाला उडत राहायला पुढं जावंच लागतं. हेलिकॉप्टर एका जागी थांबू शकतं. बुडणारी बोट असो, पाण्यानं वेढलेली गच्ची असो किंवा दरीतली कपार असो, जिथं उतरायला जागा नाही तिथून माणूस उचलायला हेलिकॉप्टर लागतं ते याच एका गुणामुळं.

भारतात हे काम करतं कोण?

समुद्रात मुख्य जबाबदारी कोस्ट गार्डची, म्हणजे भारतीय तटरक्षक दलाची. भारताच्या वाट्याला आलेलं समुद्री शोध आणि बचाव क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या देशाची जमीन साधारण ३३ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जमिनीपेक्षाही हे क्षेत्र मोठं आहे. त्यासाठी मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर इथं समन्वय केंद्रं आहेत. समुद्रात संकट आलं तर फोन करायचा नंबर १५५४. तुमच्या घरात कोणी मासेमारीला जात असेल तर हा नंबर आत्ताच सेव्ह करून द्या.

कोस्ट गार्डच्या सोबतीला नौदल असतं. मुंबईत कुलाब्याला आयएनएस शिक्रा हा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे. गोव्यात आयएनएस हंसा, कोचीत आयएनएस गरुड. जमिनीवर पूर, भूस्खलन, हिमालयातली संकटं आली की हवाई दलाची एमआय-१७ आणि लष्कराची हेलिकॉप्टर्स येतात. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात हवाई दलानं 'ऑपरेशन राहत'मध्ये हजारो लोकांना बाहेर काढलं होतं.

मग एनडीआरएफ? त्यांच्याकडं स्वतःची हेलिकॉप्टर्स नाहीत. पण त्यांचे जवान गरज पडली की हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून पोचतात आणि दोरीवरून खाली उतरतात.

थोडक्यात, पायलट असो वा पाणबुडा, माणूस आधी एखाद्या दलात भरती होतो आणि नंतर त्या दलाच्या आत या कामापर्यंत पोचतो.

हेलिकॉप्टरमध्ये असतं कोण कोण?

बहुतेकांना वाटतं की हेलिकॉप्टर रेस्क्यू म्हणजे पायलट. प्रत्यक्षात समुद्रावरच्या बचावासाठी साधारण चार जण लागतात. दोन पायलट, एक विंच चालवणारा आणि एक खाली उतरणारा डायव्हर.

आता गंमत बघा. ज्या माणसाला वाचवायचंय तो हेलिकॉप्टरच्या बरोबर खाली असतो आणि पायलटला बरोबर खालचं काहीच दिसत नाही. त्यामुळं दारात झोपून किंवा वाकून खाली बघणारा विंच ऑपरेटर हाच पायलटचा डोळा असतो. तो हेडसेटवर सतत सांगत राहतो, पुढं पाच, उजवीकडं दोन, थांब, स्थिर. पायलट त्या आवाजावर भरवसा ठेवून हेलिकॉप्टर इंचाइंचानं सरकवतो. दोघांपैकी एकाचाही अंदाज चुकला तर दोरीला लटकलेला तिसरा माणूस बोटीच्या डोलकाठीवर किंवा झाडावर आपटू शकतो.

खाली गेलेल्या डायव्हरचं काम त्याहून वेगळं. पंख्याचा वारा पाण्यावर आदळतो तेव्हा तुषारांचं वादळच उठतं. श्वास घेणं अवघड होतं, डोळे उघडत नाहीत, हलकी लाईफराफ्ट लांब ढकलली जाते. त्यात बुडणारा माणूस घाबरलेला असतो आणि जो जवळ येईल त्याला घट्ट मिठी मारतो. त्याला शांत करायचं, पट्टा काखेतून नीट घालायचा, हात खाली ठेवायला सांगायचं आणि वर खूण करायची. घाबरून हात वर केले तर माणूस पट्ट्यातून निसटू शकतो.

आणखी एक बारीक गोष्ट. उडणाऱ्या हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते. म्हणून विंचचा हुक आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्यायचा असतो. वरून आलेला हुक बघून आनंदानं झडप घातली तर जोराचा झटका बसतो.

आणि या सगळ्यावर घड्याळ चालू असतं. जायचं इंधन, यायचं इंधन आणि राखीव साठा वजा केला की घटनास्थळी घिरट्या घालायला उरलेला वेळ हातात येतो. तो वेळ संपला की खाली माणूस दिसत असतानाही परत फिरावं लागतं. या कामातला सगळ्यात अवघड क्षण बऱ्याचदा हाच असतो.

'सर्च' म्हणजे नुसतं बघत फिरणं नाही

सर्च अँड रेस्क्यूमधला पहिला शब्द आपण विसरतो. समुद्रात माणसाचं फक्त डोकं पाण्याबाहेर असतं. फेसाळलेल्या लाटांमध्ये ते वरून नारळाएवढंही दिसत नाही. त्यामुळं शोध हा गणिताचा भाग असतो. बोट शेवटची कुठं होती, वारा कुठल्या दिशेनं आहे, प्रवाह किती आहे, बुडून किती वेळ झाला, यावरून माणूस वाहत कुठं गेला असेल त्याचा अंदाज बांधतात. मग त्या जागेपासून बाहेर वाढत जाणारे चौकोन आखून हेलिकॉप्टर किंवा विमान ठरलेल्या रेषांवर उडतं.

यात यंत्रं मदत करतात. जहाजांवर आणीबाणीचा बीकन असतो. तो ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो, उपग्रह तो पकडतात आणि भारतात बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रातून तो बचाव केंद्राकडं जातो. मच्छिमारांसाठी इस्रोनं छोटं संकट-संदेश यंत्रही बनवलंय. बटण दाबलं की बोटीची जागा कळते. जागा नेमकी कळली तर सर्चचे तास वाचतात आणि ते तास थेट जिवात मोजले जातात.

आता मुद्द्याचं. आत शिरायचे रस्ते कोणते?

रस्ता १ : कोस्ट गार्ड

समुद्री बचाव हेच ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हा सगळ्यात थेट रस्ता.

ऑफिसर व्हायचं असेल तर असिस्टंट कमांडंटची भरती असते. जनरल ड्युटी शाखेसाठी पदवी लागते आणि बारावीला गणित, भौतिकशास्त्र असावं लागतं. वय साधारण २१ ते २५. आधी सीजीकॅट नावाची परीक्षा, मग निवड मंडळाच्या दोन फेऱ्या, मग मेडिकल. निवड झाली की प्रशिक्षण केरळमधल्या एझिमला इथल्या नौदल अकादमीत. त्यानंतर ज्यांची उड्डाणासाठी निवड होते ते पायलट होतात. सुरुवातीचा मूळ पगार ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे.

डायव्हर किंवा एअरक्रू व्हायचं असेल तर नाविक आणि यांत्रिक या भरत्यांकडं बघा. नाविक जनरल ड्युटीसाठी गणित, भौतिकशास्त्रासह बारावी. यांत्रिकसाठी डिप्लोमा. वय १८ ते २२. नाविकांचं प्रशिक्षण ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथं होतं. मूळ पगार २१,७०० रुपयांपासून सुरू होतो. डायव्हर म्हणून थेट कोणी लागत नाही. सेवेत आल्यावर इच्छा सांगावी लागते, पोहण्याच्या आणि फिटनेसच्या चाचण्या पार कराव्या लागतात, मग त्याचं वेगळं प्रशिक्षण मिळतं.

रस्ता २ : नौदल

पायलटसाठी शॉर्ट सर्व्हिस कमिशनची भरती निघते. त्यासाठी प्रामुख्यानं इंजिनिअरिंगची पदवी आणि ६० टक्के मार्क लागतात. बारावीनंतर जायचं असेल तर एनडीए आहेच. हेलिकॉप्टरसाठी निवडलेल्या पायलट्सचं प्रशिक्षण तमिळनाडूतल्या अरक्कोणमला, आयएनएस राजाली इथं होतं. जून २०२४ मध्ये याच तळावरून सब लेफ्टनंट अनामिका राजीव या नौदलाच्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर पायलट बनून बाहेर पडल्या.

खलाशी म्हणून आता अग्निवीर योजनेतून प्रवेश मिळतो. पाणबुड्यांचं प्रशिक्षण कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये होतं. पण इथंही आधी खलाशी, मग पाणबुडा हाच क्रम आहे.

रस्ता ३ : हवाई दल

पदवीनंतर एएफकॅट किंवा सीडीएस, बारावीनंतर एनडीए. एएफकॅटनं फ्लाईंग ब्रँचला जायला वय २० ते २४ असावं लागतं. मुलाखतीनंतर पायलटची कल चाचणी असते आणि इथं एक नियम डोक्यात पक्का बसवा. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पायलटचा दरवाजा कायमचा बंद. त्यामुळं 'बघू जाऊन काय विचारतात' असं म्हणून तयारीशिवाय जाऊ नका.

आणखी एक. हवाई दलात गेलात म्हणजे हेलिकॉप्टरच मिळेल असं नाही. सुरुवातीच्या प्रशिक्षणानंतर फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशी विभागणी होते. तुमची आवड विचारात घेतात, पण शेवटचा शब्द तुमचं उड्डाण आणि दलाची गरज यांचा असतो. हेलिकॉप्टरकडं आलेल्यांचं प्रशिक्षण हैदराबादजवळच्या हकिमपेटला होतं.

रस्ता ४ : एनडीआरएफ

पोरांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. एनडीआरएफ थेट भरती करत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून हे दल उभं राहिलं आणि त्यात बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी, आसाम रायफल्स या दलांमधले जवान प्रतिनियुक्तीवर येतात. म्हणजे आधी स्टाफ सिलेक्शनच्या जीडी कॉन्स्टेबल परीक्षेतून किंवा ऑफिसर असाल तर यूपीएससीच्या असिस्टंट कमांडंट परीक्षेतून निमलष्करी दलात जायचं, तिथून पुढं एनडीआरएफ. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ सुदुंबरे इथं पाचवी बटालियन आहे. कोल्हापूर, सांगली, महाड, चिपळूणला पुरात जे भगव्या कपड्यांतले जवान दिसतात ते बहुतेक वेळा इथूनच आलेले असतात.

रस्ता ५ : खासगी

डीजीसीएचं कमर्शियल हेलिकॉप्टर पायलट लायसन्स काढता येतं. त्यासाठी बारावीला गणित-भौतिकशास्त्र, क्लास वन मेडिकल, लेखी परीक्षा आणि किमान १५० तासांचं उड्डाण लागतं. हेलिकॉप्टरचा एकेक तास महाग असतो, त्यामुळं खर्च काही लाखांत नाही, काही दहा लाखांत जातो.

आणि लायसन्स मिळालं म्हणजे बचावाची नोकरी मिळाली असं होत नाही. खासगी हेलिकॉप्टर्स जुहूवरून बॉम्बे हायला कामगार नेतात, केदारनाथला यात्रेकरू नेतात, व्हीआयपी नेतात. त्यात कंपन्यांना अनुभवी पायलट हवा असतो आणि तो बऱ्याचदा सैन्यातून निवृत्त झालेला असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये एम्स ऋषिकेशनं सुरू केलेल्या हेली ॲम्ब्युलन्ससारखे प्रयोग वाढले तर डॉक्टर, नर्स, पॅरामेडिक यांच्यासाठी नवा रस्ता तयार होईल. ब्रिटनमध्ये तर दोरीवरून खाली उतरणारा माणूस प्रशिक्षित पॅरामेडिकच असतो आणि तिथलं कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर २०१५ पासून खासगी कंपनी चालवते. आपल्याकडं तशी व्यवस्था अजून आलेली नाही.

मुलींना संधी आहे का?

आहे, आणि ती वाढतेय. हवाई दलात महिला हेलिकॉप्टर पायलट १९९० च्या दशकापासून आहेत. एनडीएचे दरवाजे २०२२ मध्ये उघडले. कोस्ट गार्डमध्ये मात्र शॉर्ट सर्व्हिसमधून आलेल्या महिला ऑफिसरना कायमस्वरूपी नियुक्ती मिळत नव्हती. त्याविरोधात एक महिला ऑफिसर सुप्रीम कोर्टात गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टानं केंद्र सरकारला चांगलंच सुनावलं, महिलांना असं बाजूला ठेवता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्या स्वतः पायलट होत्या.

आता ती बाजू, जी रीलमध्ये दिसत नाही

२ सप्टेंबर २०२४. गुजरातमध्ये पोरबंदरसमोर एका टँकरवर खलाशी जखमी झाला होता. त्याला आणायला कोस्ट गार्डचं ध्रुव हेलिकॉप्टर रात्री निघालं आणि समुद्रात कोसळलं. आत चौघं होते. एक डायव्हर वाचला, तिघं गेले. त्यातल्या पायलटचा मृतदेह शोधायला महिन्याहून जास्त काळ लागला.

चार महिन्यांनी, ५ जानेवारी २०२५ ला, त्याच पोरबंदरच्या विमानतळावर कोस्ट गार्डचं दुसरं ध्रुव कोसळलं. दोन पायलट आणि एक डायव्हर गेले. त्यानंतर तिन्ही दलांची आणि कोस्ट गार्डची ध्रुव हेलिकॉप्टर्स जमिनीवर उभी करण्यात आली.

२०१३ च्या उत्तराखंडच्या मोहिमेतही असंच झालं. २५ जूनला गौरीकुंडजवळ एमआय-१७ कोसळलं आणि त्यातले २० जण गेले. त्यात हवाई दलाचे लोक होते, तसेच एनडीआरएफ आणि आयटीबीपीचे जवानही होते.

म्हणजे वाचवायला जाणारा माणूस परत येईलच असं नाही. घरी सांगताना हे लपवून सांगू नका. आईवडिलांना हे माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे.

दुसरा भार मनावरचा. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडच्या देवघरला त्रिकूट डोंगरावर रोपवेचा अपघात झाला. हवेत लटकलेल्या डब्यांमधून हवाई दलाच्या गरुड कमांडोंनी एकेक माणूस काढला. चाळीसहून अधिक तास मोहीम चालली, चाळीसहून अधिक लोक वाचले. पण हेलिकॉप्टरच्या दारापाशी पोचलेला एक माणूस हात निसटून खाली पडला आणि ते अख्ख्या देशानं व्हिडीओत बघितलं. वाचलेल्यांचे आकडे बातमीत येतात. जो निसटला तो त्याला धरणाऱ्याच्या डोळ्यासमोर किती वर्षं राहत असेल, हे बातमीत येत नाही.

हेलिकॉप्टर सगळीकडं चालतं का?

नाही. आणि हे कळणं या करिअरचा पहिला धडा आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळच्या मलमपुळ्यात २३ वर्षांचा एक तरुण उभ्या कड्यातल्या कपारीत अडकला. कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर आलं, पण वारा आणि कड्याची रचना यामुळं त्याच्यापर्यंत जाता आलं नाही. शेवटी सुमारे ४५ तासांनी लष्कराच्या गिर्यारोहकांनी दोर लावून त्याला वर काढलं.

आपल्या सह्याद्रीत तर हे नेहमीचंच आहे. पावसाळ्यात ढग इतके खाली असतात, दऱ्यांमध्ये वारा इतका फिरतो की हेलिकॉप्टरचा उपयोग होत नाही. तिथं कामाला येतात ते लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स यांच्यासारख्या संस्थांमधले पोरं. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा खोल दरीत उतरून मृतदेह वर आणण्यात महाबळेश्वर ट्रेकर्स पुढं होते. यातले बहुतेक जण पगार न घेता हे काम करतात, दिवसा स्वतःचा धंदा-नोकरी सांभाळतात.

याउलट हेलिकॉप्टरशिवाय पर्यायच नाही असेही प्रसंग असतात. १७ ऑगस्ट २०१८ ला केरळच्या पुरात अलुव्याजवळ एक गरोदर बाई घराच्या गच्चीवर अडकली होती, कळा सुरू झाल्या होत्या. नौदलाचे कमांडर विजय वर्मा हेलिकॉप्टर घेऊन पोचले. आधी डॉक्टरला खाली सोडलं, त्यांनी तपासलं, मग तिला विंचनं वर घेतलं. कोचीच्या नौदल रुग्णालयात तिला मुलगा झाला. काही दिवसांनी त्याच गच्चीवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत 'थँक्स' लिहिलेलं वरून दिसलं.

मग आज, घरी बसून काय सुरू करता येईल?

एक, पोहायला शिका. विहिरीत सूर मारता येणं वेगळं आणि न थांबता लांब अंतर कापणं, कपड्यांसकट पोहणं, पाण्यात एका जागी तरंगत राहणं वेगळं. गावात तलाव नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षक शोधा. एकट्यानं नदीत प्रयोग करू नका. वाचवायला जाणारा स्वतः बुडाला तर वाचवायची माणसं दोन होतात.

दोन, अकरावीला विषय विचार करून निवडा. गणित आणि भौतिकशास्त्र सोडलं की पायलटचे जवळपास सगळे रस्ते बंद होतात. दहावीच्या निकालानंतर घाईत घेतलेला हा निर्णय नंतर बदलणं अवघड असतं.

तीन, डोळे आणि रंगदृष्टी आत्ताच तपासा. रंगांधळेपण असेल तर उड्डाणासाठी तुम्ही अपात्र ठरता. हे तीन वर्षं तयारी केल्यावर मेडिकलला कळण्यापेक्षा आज डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन कळलेलं बरं.

चार, प्रथमोपचार शिका. सीपीआर कसा द्यायचा, रक्तस्राव कसा थांबवायचा, मणक्याला मार लागलेल्याला कसं उचलायचं. हे शिकायला कुठलीही भरती लागत नाही.

पाच, आपदा मित्र किंवा जवळच्या बचाव संस्थेत जा. आपदा मित्र ही सरकारी योजना आहे, जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात तिची माहिती मिळते. तिथं गेल्यावर एक गोष्ट लगेच कळते. या कामातला मोठा भाग वाट बघण्याचा, दोर आवरण्याचा, सामान धुऊन सुकवण्याचा असतो. ते आवडलं तर हे काम तुमचं.

सहा, पैसे कुठं भरताय ते बघा. 'हेलिकॉप्टर रेस्क्यूचा सर्टिफिकेट कोर्स करा, नोकरीची गॅरंटी' अशा जाहिराती दिसल्या तर सरळ पुढं जा. वर सांगितलेल्या कुठल्याही दलात खासगी सर्टिफिकेटवर नोकरी मिळत नाही. भरतीच्या वयाच्या अटी, मार्क, तारखा बदलत असतात, त्यामुळं प्रत्येक वेळी त्या त्या दलाच्या अधिकृत वेबसाईटवरची जाहिरात वाचा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर अवलंबून राहू नका.

आणि निवड नाहीच झाली तर?

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पायलटच्या जागा कमी आहेत आणि चाचण्या कडक आहेत. अर्ज करणाऱ्यांतल्या बहुतेकांची निवड होत नाही. पण हेलिकॉप्टर वर उडतं तेव्हा खाली कितीतरी लोक कामाला लागलेले असतात. इंजिन तपासणारा तंत्रज्ञ, समन्वय केंद्रात नकाशावर रेषा आखणारा ऑफिसर, हवामानाचा अंदाज देणारा शास्त्रज्ञ, विमानतळावरचा एअर ट्रॅफिक कंट्रोलर, हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभी असलेली नर्स. यातला एक जरी चुकला तरी दोरीच्या टोकाचा माणूस घरी पोचत नाही.

कोस्ट गार्डचं ब्रीदवाक्य दोनच शब्दांचं आहे, 'वयम् रक्षामः'. आम्ही रक्षण करतो. त्यातला पहिला शब्द 'आम्ही' असा आहे, 'मी' असा नाही. या क्षेत्रात यायचा विचार करत असाल तर सुरुवात त्या शब्दापासून करा.

तुमच्या ओळखीत कोणी पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करत असेल आणि त्याला पाण्याची भीती वाटत नसेल, तर ही माहिती त्याच्यापर्यंत नक्की पोचवा. कोस्ट गार्डची भरती असते हेच आपल्याकडं बऱ्याच पोरांना माहीत नसतं.